मूळ खोक्यासकट

मराठीतली शस्त्रांची नावे पाहिली, तर त्यांतली बरीचशी बाहेरून आलेली दिसतात. बंदूक अरबीतून फारसीच्या वाटेने आली, तोफ तुर्कीतून आली, काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांनी दिले, रायफल इंग्रजांनी. दारू हा फारसी शब्द मुळात औषधाचा. तो अर्थ आता 'दवादारू' या जोडशब्दात कसाबसा जीव धरून आहे. मात्र शस्त्रांची नावे परकी ठेवली, तरी त्यांच्या अवयवांची बारशी आपण घरीच केली. नळी, घोडा, चाप ही नावे घरचीच. नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या बारीकशा उंचवट्याला तर आपण माशी म्हटले. वस्तू परकी असो, तिच्याशी हाताचा संबंध आला की भाषा तिला घरातली करून घेते. तृतीय वर्षाच्या वर्गात आदत शब्दांचा पाठ घेताना ही उदाहरणे मी पुष्कळ वर्षे देत आले आहे. यांतल्या एका शब्दाची वस्तू आमच्याच घरात माळ्यावर होती, हे मात्र वर्गात सांगण्याचा प्रसंग कधी आला नाही.

वडिलांच्या पश्चात ती वस्तू माझ्याकडे आली. पॉइंट टू टू बोअरची, बोल्ट ओढून भरायची, बीएसए कंपनीची 'स्पोर्ट्समन' जातीची रायफल. सोबत तिचा मूळ खोका, खोक्यातला मेणकागद, छापील माहितीपत्रक आणि पुण्यातल्या दुकानदाराची १९६० सालची पावती. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढलेली ही कंपनी पुढे सायकली आणि मोटरसायकलीही करू लागली. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली हे तिचे बोधचिन्ह. तिच्या विलायती सायकलींवरही ते असे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते. त्या काळात ज्या कोणी ती सायकल दामटली, त्याने आपल्या नकळत तीन बंदुका मिरवल्या, असे म्हणायला हरकत नाही.

या रायफलीचे काडतूस 'रिमफायर' प्रकारचे असते. मोठ्या रायफलींच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते आणि घोड्याचा आघात तिच्यावर होतो. रिमफायरमध्ये अशी वेगळी टोपी नसते. पितळी नळकांड्याच्या बुडाची कड दुमडून पोकळ केलेली असते आणि पेट घेणारे मिश्रण त्या पोकळीतच भरलेले असते. आघात कडेवर होतो, कड चेपते, मिश्रण पेटते आणि मग आतली दारू पेटून गोळी सुटते. कड एकदा चेपली की ते नळकांडे पुन्हा भरता येत नाही. मधोमध टोपी असलेले पितळ जपून ठेवले, तर टोपी बदलून पुन्हा वापरता येते. याचे आयुष्य एकाच आघाताचे. ही कल्पना फ्लोबेर नावाच्या फ्रेंच कारागिराची, १८४५ सालची. आज जगभर वापरले जाणारे 'लाँग राइफल' काडतूस अमेरिकेत १८८७ मध्ये आले. गोळी साडेपाच मिलिमीटरच्या आसपास व्यासाची, वजनाला अडीच ग्रॅमहून थोडी अधिक. महाविद्यालयात एनसीसीत असलेल्या पुष्कळांनी जमिनीवर पालथे पडून आयुष्यातला पहिला बार काढला तो याच काडतुसाचा.

आमच्या घरी या रायफलीचे दर्शन वर्षातून एकदा, खंडेनवमीला होई. त्या दिवशी देवघरासमोरच्या पाटावर आईची शिवणयंत्राची कात्री, बाबांची कानस आणि पक्कड, माझी कंपासपेटी आणि दादाची क्रिकेटची बॅट अशी सगळ्यांची 'हत्यारे' मांडली जात. शेवटी बाबा माळ्यावरून तो लांबोळका खोका काढत. मेणकागदाच्या घड्या एकेक करून उलगडत, रायफल बाहेर घेत, नळीत तेलाचा बोळा फिरवत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा त्याच घड्यांवर घडी घालून ती खोक्यात ठेवत. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. त्यांना स्वतःलाही ती चालवताना आम्ही कधी पाहिले नाही. "बाबा, हिच्यातून गोळी कधी उडवलीत?" असे दादाने एकदा विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "वस्तू नीट ठेवायची असते."

त्यांनी ती खरोखरच नीट ठेवली. तिचा परवाना मूळचा १८७८ च्या कायद्याखालचा. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, तेव्हा तो नव्या कायद्याच्या कक्षेत गेला. मग नूतनीकरणे सुरू झाली. प्रत्येक नूतनीकरणाला अर्ज, चलन आणि तपासणी ठरलेली. नळीवरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक जुळतो की नाही, हे दरवेळी पाहिले जाई. निवडणुका आल्या आणि सांगावा आला, की रायफल पोलीस चौकीत जमा करायची, निकालानंतर परत आणायची. साठ वर्षांच्या वर हा माणूस एका न चालवलेल्या शस्त्राची हजेरी लावत राहिला. त्यामुळे एक गमतीची गोष्ट झाली. रायफल अगदी कोरी राहिली आणि खोका मात्र झिजला. त्याचे कोपरे कापडी पट्टीने शिवल्यासारखे चिकटवलेले आहेत, मेणकागदाच्या घड्या उलगडून उलगडून फाटल्या आहेत, आणि झाकणावरच्या चिठ्ठीतली अक्षरे निम्मी पुसली आहेत.

तरीसुद्धा शौकिनांच्या जगात मोल त्या खोक्याला आहे. बाबा २०२२ मध्ये गेले. परवानाधारक गेला, की त्याच्या शस्त्राचा ताबा घरच्यांकडे बेकायदा ठरतो. ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कायद्याचे कलम २१ सांगते. तशी ती आम्ही एका विक्रेत्याकडे ठेवली. त्याने खोका उघडला आणि रायफल तशीच ठेवून आधी कागद हातात घेतले. म्हणाला, "मॅडम, बंदुका पुष्कळ येतात. खोका कधी येत नाही." त्याचे म्हणणे खरे होते. नागरिकांसाठीची शस्त्रांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर जवळजवळ बंद झाली. देशात जी विलायती शस्त्रे होती, तीच फिरत राहिली आणि त्यांच्या किमती वाढल्या. त्यातून कोरी नळी, मूळ खोका आणि पावतीही सोबत! दोन गिऱ्हाइकांची नावे त्याने तिथल्या तिथे सांगितली. दादा परदेशात असतो, फोनवर तो म्हणाला, "तू ठेव नाहीतर विकून टाक, माझी हरकत नाही." हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्रही त्याने पाठवून दिले. निर्णय माझ्यावर आला.

विकावी, असेच माझ्या मनाने घेतले होते. मराठीच्या प्राध्यापिकेला रायफल काय करायची? पण ती विकायची आहे हे आत्याला सांगायला गेले आणि तिथे एक वेगळीच हकिकत कानावर आली.

आत्या बाबांहून चार वर्षांनी धाकटी. १९६१ मध्ये आमचे घर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नव्हे असे होते. १२ जुलैला सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही फुटले. हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. माझ्या पिढीने तो पूर पाहिला नाही, पण जुन्या वाड्यांच्या भिंतींवर पाणी कुठवर आले होते ते दाखवणारी माणसे पाहिली आहेत. माझे आजोबा कीर्तनकार. त्यांनी आयुष्यभर स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेली आख्याने, पदे, दृष्टांत यांची बाडे खालच्या खोलीतल्या ट्रंकेत होती. रायफलही खालीच, कपाटामागे उभी केलेली होती. पाणी येतेय अशी हाकाटी झाली तेव्हा आजी-आजोबा आणि आत्या वर गेले होते. बाबा खाली आले. पाणी उंबऱ्यात होते. जिन्यावरून एकदाच वर जाता येईल, इतकाच वेळ होता.

"त्यानं बंदूक उचलली," आत्या म्हणाली. "ट्रंक जड होती गं. आणि बंदूक सरकारची नोंदलेली. ती वाहून गेली, कुणाच्या हाती लागली, तर जाब ह्यालाच द्यावा लागणार. त्याचं काही चुकलं नाही. पण आई त्याला एकदाच बोलली. ज्यानं चार घरं जगवायची ते गेलं, नि हे राहिलं, असं."

"आणि आजोबा?"

"दादा काहीच बोलले नाहीत. पुढं कीर्तन करायचे, पण आठवेल तेवढंच. तुझ्या बाबानं नंतर ती बंदूक हातात धरून नेम म्हणून धरला नाही. क्लबात जायचा तेही बंद केलं. विकलीही नाही."

आजोबांना त्यांची मुले दादा म्हणत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. घरात आजोबांविषयी बोलणे किती थोडे झाले होते, याची ती खूण होती. बाबांनी रायफल का ठेवली असेल, यावर मी बरेच दिवस विचार केला. प्रायश्चित्त म्हणावे, तर ते स्वतःला दोष देणाऱ्या स्वभावाचे नव्हते. आठवण म्हणावी, तर आठवणीसाठी कुणी चलने भरत नाही. मला वाटते, एका मोठ्या नुकसानीच्या बदल्यात जी वस्तू वाचली, तिची हेळसांड करणे म्हणजे ते नुकसान दुप्पट करणे, असा काहीसा हिशेब त्यांच्या मनात असावा. पण चालवणेही त्यांना जमत नव्हते. ती चालवली असती, तर ती केवळ एक रायफल झाली असती. म्हणून त्यांनी तिला खोक्यात ठेवले आणि खोक्याची काळजी घेतली.

जपणे म्हणजे काय, हा प्रश्न इथे येतो. या शहरात त्याचे एक मोठे उत्तर उभे आहे. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभारले. तिथे शस्त्रेही आहेत, पण लक्षात राहतात ते दिवे, अडकित्ते, वज्र्या, तपकिरीच्या डब्या. त्या संग्रहाचे वैशिष्ट्य असे, की तिथली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या हाताने झिजलेली आहे. वज्रीने टाचा घासल्या गेल्या, अडकित्त्याने सुपाऱ्या कातरल्या. केळकरांनी दुकानातली कोरी वस्तू जपली नाही, वापर जपला. शौकीन मंडळींचे शास्त्र याच्या नेमके उलटे. हात लागला नाही, ही त्यांच्या लेखी वस्तूची सर्वांत मोठी पदवी. आमच्या घरातली वस्तू या दोहोंच्या मधोमध अडकलेली होती. ती कोरी होती, पण बेवारस कोरी नव्हती.

तसे पाहिले, तर पूर्णपणे न चालवलेली रायफल असे काही नसतेच. विक्रेत्याने नळीच्या मुळाशी असलेले बारीक शिक्के मला भिंग लावून दाखवले. बर्मिंगहॅमला १८१३ पासून एक 'प्रूफ हाउस' आहे. इंग्लंडात विकायला निघालेली प्रत्येक नळी आधी अशा ठिकाणी नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून तपासावी लागते आणि उतरली, की तिच्यावर शिक्का बसतो. म्हणजे आमच्या घरी येण्याआधीच या रायफलीने कसोटीचा बार सोसलेला होता. 'कोरी' म्हणून आम्ही जिची पूजा करत होतो, ती कोरी नव्हतीच. हे कळल्यावर मला का कोण जाणे, हलके वाटले.

मग मी कायदा वाचायला घेतला. साहित्याच्या माणसाला कायद्याची भाषा रूक्ष वाटते असा समज आहे. मला ती कधी तशी वाटली नाही. शस्त्र कोणी बाळगावे, हा या देशात साधा प्रश्न नव्हता. लिटनच्या कारकिर्दीतला १८७८ चा कायदा हा राष्ट्रीय चळवळीला जिव्हारी लागलेला अपमान होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातलेला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तो हक्क घटनेत यावा अशी सूचना मांडली आणि डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. हक्क नाही, परवाना. असा तो निकाल लागला आणि तो योग्यच होता, असे मला वाटते. पण १९५९ च्या कायद्यात कलम १३ मध्ये एक छोटीशी फट ठेवलेली आहे. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदाला लक्ष्यवेधाच्या सरावासाठी पॉइंट टू टू बोअरची रायफल हवी असेल, तर परवाना द्यावा, असे ते कलम मुळात म्हणत होते. इतक्या शस्त्रांतून कायद्याने नाव घेऊन जवळ केलेली ही एक रायफल. तिच्याकडे त्याने शस्त्र म्हणून कमी आणि साधनेचे उपकरण म्हणून अधिक पाहिले आहे.

वारसाला परवाना मिळण्याची सोयही २०१६ च्या नियमांत आहे. पण वारसा हे शस्त्र हाती येण्याचे कारण झाले; ते कशासाठी ठेवायचे, याचे उत्तर अर्जात वेगळे द्यावे लागते. त्या रकान्यासमोर मी बराच वेळ थांबले. 'वडिलांनी ठेवली होती म्हणून' असे लिहिता येत नव्हते. 'खोक्यात ठेवण्यासाठी' असेही लिहिता येत नव्हते. बाबांनी साठ वर्षे जे उत्तर टाळले, ते मला एका ओळीत देणे भाग होते. मी 'नेमबाजीचा सराव' असे लिहिले. लिहिले, म्हणजे करणे आले. क्लबाचे सभासदत्व, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, घरी सुरक्षित ठेवण्याची हमी, पोलिसांची चौकशी असे सगळे सोपस्कार झाले. चौकशीला आलेल्या हवालदारांनी पुस्तकांनी भरलेल्या भिंतीकडे पाहून "ह्यात ठेवणार का?" असे विचारले. मी त्यांना नवे पोलादी कपाट दाखवले. २०२३ च्या अखेरीस परवाना हाती आला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत आता तीनऐवजी पाच वर्षांची असते.

सराव पालथे पडून करायचा. दस्ता खांद्याच्या खोबणीत, गाल दस्त्यावर, डावे कोपर जमिनीत रुतलेले. प्रशिक्षकांनी पहिल्या दिवशी सांगितले, "गोळी मारायची नाही. श्वास सोडायचा, तो थांबतो तिथं चाप दाबायचा. गोळी आपोआप सुटते." पहिल्या दिवशी पाच काडतुसे मिळाली. आवाज अपेक्षेपेक्षा फारच लहान होता, जाडजूड पुस्तक जमिनीवर आडवे पडावे तसा. पाच भोके कागदावर पडली. त्यांतली तीन काळ्या वर्तुळाच्या बाहेर. बोल्ट ओढला, की रिकामे पितळ उडून बाजूला पडे. मी एक उचलून पाहिले. कडेवर घोड्याची एक चौकोनी, सुबक खूण उमटली होती.

हे काम किती अवघड आहे, हे त्यानंतर कळले. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे असते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने याच अंतरावर, याच बोअरच्या रायफलीने, गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून ४५१.४ गुण मिळवले आणि कांस्यपदक आणले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता; त्याचा सराव आमच्याच बालेवाडीत चालत असे. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले ते १९५२ च्या हेलसिंकीतल्या खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले होते. तेव्हा वर्तमानपत्रातला तिचा फोटो बाबांनी कापून ठेवला होता. तो मला खोक्यात, माहितीपत्रकाच्या घडीत सापडला. ज्या खेळाकडे त्यांनी पाठ फिरवली, त्याच्याकडे ते पाहत होते, एवढेच त्यावरून म्हणता येते. पण माझ्यासाठी ते पुरेसे होते. त्यांच्या मनाविरुद्ध आपण काही करत आहोत, ही शंका त्या कात्रणाने दूर केली.

विक्रेत्याचा नंतर एकदा फोन आला. चालवलीत, आता किंमत उतरली, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. उतरली असणार. रायफल आता पोलादी कपाटात, बोल्ट वेगळा काढून, असते. खोका माळ्यावर आहे. तो मी टाकणार नाही. पण तिला आता त्याची गरज नाही.

त्या पहिल्या दिवसाचा भोके पडलेला कागद मी आत्याला दाखवायला नेला होता. तिने चष्मा लावून तो उजेडात धरला, भोके मोजली आणि विचारले, "मधे लागलेल्या किती?" दोन, असे मी म्हटले. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग एकाएकी तिने द्रोणाचार्य, झाड आणि झाडावरचा पक्षी यांची कथा सांगायला सुरुवात केली. कथा मला पाठ आहे, शाळेपासून सगळ्यांनाच पाठ असते. पण तिने ती आजोबांच्या पद्धतीने सांगितली. मध्येच थांबून ते घालत तो पेठेतल्या भाजीवालीचा दृष्टांत, शिष्यांची खोडकर उत्तरे आणि शेवटी एक पद, अर्धे गाऊन अर्धे विसरलेले. त्रेसष्ट वर्षांपूर्वी ट्रंकेबरोबर गेलेले त्यातले काही तिच्याजवळ होते आणि ते तिला कुणी मागितले नव्हते.

आता दर रविवारी सकाळी मी क्लबात जाते आणि दुपारी आत्याकडे. ती सांगते, मी उतरून घेते. आतापर्यंत सात आख्याने झाली आहेत, दोन अर्धवट आहेत. तिचे वय पंच्याऐंशीच्या वर गेले आहे, त्यामुळे रविवार चुकवून चालत नाही.